सातशे मालकांचा पब: ब्रायटनच्या मोल्सकूम-बेव्हनडीन वसाहतीतलं एक प्रकरण

२०१० साली ब्रायटनमधल्या हिलसाइड या रस्त्यावरचा 'बेव्हनडीन' नावाचा पब पोलिसांच्या पुढाकाराने बंद झाला. गोंधळाच्या आणि भांडणतंट्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की आसपासच्या बऱ्याच लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. डिसेंबर २०१४ मध्ये तोच पब, त्याच इमारतीत, पुन्हा उघडला. या वेळी त्याचे मालक सातशेहून अधिक होते, आणि त्यातले पुष्कळसे त्याच वस्तीत राहणारे होते. नावही लोकांच्या तोंडात बसलेलंच ठेवलं: 'द बेव्ही'. ब्रिटनमध्ये सरकारी घरांच्या वसाहतीत रहिवाशांनी सहकारी पद्धतीने चालवलेला हा पहिला पब मानला जातो.

इमारत तीच आणि वस्तीही तीच असताना निकाल इतका वेगळा का लागला, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे. माझं उत्तर दोन भागांत आहे. मालकी बदलल्यामुळे जबाबदारी वस्तीत आली, हा पहिला भाग. तो बहुतेक लेखांत सापडतो. दुसऱ्या भागाकडे कमी लक्ष जातं: नुसत्या मालकीने गल्ला भरत नाही. पब टिकला तो दुपारच्या वेळेमुळे.

वस्ती

ब्रायटन म्हटलं की समुद्रकिनारा, पियर, रॉयल पॅव्हिलियन आणि अरुंद गल्ल्यांमधली दुकानं डोळ्यांसमोर येतात. शहराच्या मध्यभागी पबांना तोटा नाही. पण ब्रायटन आणि होव्ह या जोडशहराची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार पावणेतीन लाखांच्या वर आहे, आणि ही सगळी माणसं किनाऱ्यालगत राहत नाहीत. लुईस रोडने ईशान्येकडे निघालं की डाउन्सच्या खडूच्या टेकड्यांमध्ये मोल्सकूम लागतं. तिथून एक दरी पूर्वेकडे आत शिरते, ते बेव्हनडीन. पहिल्या महायुद्धानंतर नगरपालिकेने इथे घरं बांधायला घेतली. सुरुवातीची घरं बागनगरांच्या धर्तीवर, पुढे हिरवळ आणि मागे परसबाग अशी होती. नंतरच्या टप्प्यांत शहरातल्या दाट, जुनाट वस्त्या पाडून तिथली कुटुंबं इकडे हलवली गेली.

घरं मिळाली, परसबागा मिळाल्या, पण कोपऱ्यावरची दुकानं आणि कोपऱ्यावरचे पब मागे राहिले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडभर असंच झालं. नव्या वसाहतीत दारूचे परवाने मोजकेच द्यायचे असं धोरण असे, आणि अनेक ठिकाणी बिअर कंपनीला नवा परवाना हवा असेल तर जुन्या शहरातले काही परवाने परत करावे लागत. त्यामुळे कंपन्यांनी लहान लहान पबांऐवजी वसाहतीत एकच भलामोठा पब बांधला: दोन-तीन दालनं, जेवणाची खोली, बाग, गाड्या लावायला जागा. कुटुंबाने यावं, जेवावं, नुसतं उभ्याने ढोसू नये, असा त्यामागचा सुधारकी विचार होता. बेव्हनडीनचा पब १९३०च्या दशकातला, याच घराण्यातला.

या मोठ्या इमारतींनीच पुढे अडचण केली. कारखान्यातली पाळी संपवून शेकडो माणसं येत होती तोवर मोठं दालन शोभून दिसलं. गर्दी ओसरल्यावर तेच दालन गरम ठेवणं, झाडणं, रंगवणं परवडेना. शहराच्या पूर्वेकडच्या व्हाइटहॉक वसाहतीतल्या जुन्या पबच्या इमारतीत तर प्रौढांचं शिक्षणकेंद्र आलं. ते चांगलंच झालं, पण संध्याकाळी बसायची एक जागा गेली.

आज मोल्सकूम आणि बेव्हनडीनचे काही भाग वंचिततेच्या सरकारी निर्देशांकात देशातल्या सर्वांत वंचित दहा टक्क्यांत मोडतात. जवळच ब्रायटन विद्यापीठाची इमारत आहे, पुढे फालमरला ससेक्स विद्यापीठ आहे आणि २०११ पासून अमेक्स हे फुटबॉलचं मैदान आहे. म्हणजे वस्तीला खेटून हजारो विद्यार्थी आणि सामन्याच्या दिवशी तीसेक हजार प्रेक्षक येतात. आणि २०१० नंतर तिथल्या रहिवाशाला शेजाऱ्याबरोबर एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडी जास्त, बिअर प्यायची तर बस पकडून जावं लागे.

बंद कसा पडला

इंग्लंडमध्ये २००३च्या परवाना कायद्याने दारूचे परवाने मॅजिस्ट्रेटकडून काढून स्थानिक परिषदेकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, दिले. परिषदेने चार गोष्टी पाहायच्या: गुन्हे आणि बेबंदपणा रोखणं, लोकांची सुरक्षितता, उपद्रव टाळणं आणि मुलांचं रक्षण. यातल्या कशाचाही भंग होत असेल तर पोलीस किंवा शेजारी परवान्याचा फेरविचार मागू शकतात. शिवाय प्रत्येक पबमध्ये दारूविक्रीला जबाबदार अशी एक नाव असलेली व्यक्ती लागते, जिच्याकडे स्वतःचा वैयक्तिक परवाना असतो. कागदावर चोख व्यवस्था आहे.

प्रत्यक्षात वसाहतीतल्या पबचं असं होतं: इमारत एका मोठ्या कंपनीची, ती कंपनी दूर कुठेतरी. पब चालवणारा भाडेकरू, तो बिअर त्याच कंपनीकडून, तिच्याच दराने घ्यायला बांधलेला. तोटा व्हायला लागला की भाडेकरू सोडून जातो, दुसरा येतो, तोही जातो. अशा माणसाने आपल्या रोजच्या गिऱ्हाइकांतल्या दांडगटाला बाहेर काढायचं कसं? तोच तर दर संध्याकाळी पैसे मोजणारा. मग साधी, पापभीरू माणसं यायची बंद होतात, दांडगटांचं प्रमाण वाढतं, आणि शेवटी पोलीस येतात. बेव्हनडीनमध्ये नेमकं कोण कसं वागलं यात मला शिरायचं नाही. पण ही साखळी इंग्लंडच्या कितीतरी वसाहतींमध्ये जशीच्या तशी चालली, आणि दोष मात्र दर वेळी वस्तीच्या माथी मारला गेला. 'त्या लोकांना पब द्यायची लायकीच नाही' हे वाक्य मला फार खुपतं, कारण बेव्हीने ते सरळ खोटं ठरवलं.

त्या काळात बंद पब वाचवणं कायद्यानेही कठीण होतं. मे २०१७ पर्यंत इंग्लंडमध्ये पबचं दुकान करायला सहसा नियोजनाची वेगळी परवानगी लागत नसे. मोठा प्लॉट, गाड्यांना जागा, मुख्य रस्ता: सुपरमार्केटच्या साखळ्यांना असेच पब हवे होते. २०११च्या स्थानिकता कायद्याने एखादी वास्तू 'समाजमूल्याची मालमत्ता' म्हणून नोंदवून विक्री सहा महिने थांबवायची सोय दिली, तिचा पहिला मोठा उपयोग लंडनच्या नन्हेड भागातल्या 'आयव्ही हाउस'ने केला. तो २०१३ मध्ये सहकारी झाला. बेव्हीची मंडळी याच सुमारास आपली जुळवाजुळव करत होती.

पिंटाचा हिशोब

पबचं अर्थकारण एका पिंपावर समजतं. कास्क एल, म्हणजे पिंपातच आंबत राहणारी पारंपरिक बिअर, साधारणपणे नऊ गॅलनच्या पिंपात येते. नऊ गॅलन म्हणजे ७२ पिंट. थोडा गाळ तळाशी राहतो, तो सोडून द्यायचा. पिंपाला तोटी लावली की आत हवा जाते आणि घड्याळ सुरू होतं: तीनेक दिवसांत ती संपली पाहिजे, नाहीतर आंबट होते. म्हणजे एका पिंपामागे रोज जवळजवळ २४ पिंट विकले गेले पाहिजेत. काउंटरवर अशा दोन बिअर ठेवल्या तर रोज ४८. शनिवारी हे सहज होतं. पावसाळी मंगळवारी होत नाही. मंगळवारी ओतून दिलेली बिअर शनिवारच्या नफ्यातून वजा होते, आणि तळघर तर सातही दिवस ११ ते १३ अंशांवर थंड ठेवावंच लागतं.

पाच पौंडांचा पिंट विकला तर त्यातले सुमारे ८३ पेन्स विक्रीकराचे. साडेचार टक्क्यांच्या बिअरवर अबकारी साधारण अर्धा पौंड, ती खरेदीच्या किमतीत आधीच भरलेली. उरल्या पैशात बिअरची मूळ किंमत, पगार, भाडं, वीज, गॅस, विमा. इकडे सुपरमार्केटात तेवढ्याच बिअरचा डबा कितीतरी स्वस्त मिळतो आणि घरी बसून पिता येतो. जुलै २००७ पासून पबच्या आत सिगारेट ओढता येत नाही, त्यामुळे घरी बसण्याला आणखी एक कारण मिळालं. सन २००० मध्ये ब्रिटनमध्ये ६०,०००हून अधिक पब होते, आज ते ४५,०००च्या आसपास आहेत.

म्हणून वसाहतीतला पब पुन्हा उघडायचा म्हणणाऱ्यांना बँकेने दारात उभं केलं नसतं. वस्तीत खर्चायला पैसा कमी, इमारत मोठी, नाव बदनाम.

भांडवल कुठून आणायचं

ब्रिटनमध्ये सहकारी पब नवे नाहीत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावातला 'ओल्ड क्राउन' २००३ मध्ये गावकऱ्यांनी घेतला. यॉर्कशरमधल्या हडस्वेलचा 'जॉर्ज अँड ड्रॅगन' २०१०चा. आज असे दीडशेहून अधिक पब आहेत, आणि त्यांतले बरेच गावांत आहेत. गावात निवृत्त वकील असतो, हिशोबतपासनीस असतो, ज्याचं घराचं कर्ज फिटलंय आणि जो शिल्लकेतून काही हजार पौंड टाकू शकतो असा माणूस असतो. मोल्सकूममध्ये असा सभासद शोधत बसलं असतं तर पब अजून बंदच असता.

बेव्हीने लहान रकमेचे पुष्कळ शेअर आणि त्याला अनुदानांची जोड, असा मार्ग धरला. पोस्टाने येणारी पत्रं नव्हेत, ओळखीतून ओळख, दारोदार, शाळेच्या फाटकापाशी, अशा पद्धतीनेच सातशे नावं जमतात. इमारतीचं बरंच काम स्वयंसेवकांनी अंगमेहनतीने केलं.

सहकार हा मराठी माणसाला समजावून सांगायचा विषय नाही. १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी जी तत्त्वं घालून दिली, त्यांतलं 'एक सभासद, एक मत' हे प्रवरानगरच्या कारखान्यातही आलं आणि हिलसाइडच्या पबमध्येही. किती शेअर घेतले याने मत वाढत नाही. ब्रिटनमधल्या अशा संस्थांमध्ये शेअर बाजारात विकता येत नाही, त्याची किंमत वाढत नाही, पण संस्थेची ऐपत असेल तेव्हा मूळ रक्कम परत मागता येते. म्हणजे यात पैसे घालणारा नफ्यासाठी घालत नाही, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट असतं.

पण साखर कारखाना आणि पब यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि या प्रकरणात तोच निर्णायक ठरतो. कारखान्याचा सभासद ऊस घालतो. घातला नाही तर त्याचंच नुकसान होतं, म्हणून तो बांधलेला राहतो. पबचा सभासद गिऱ्हाईक असतो, आणि त्याला कसलंही बंधन नसतं. शेअरचा कागद घरात लावला, अभिमान वाटला, आणि नंतर वर्षभर पबमध्ये पाऊलच टाकलं नाही, असं सहज होऊ शकतं. सातशे सभासदांनी महिन्यातून एकदा येऊन एक पिंट घेतला तर महिन्याला दहा पिंपंही धड संपत नाहीत.

मालकीने काय दिलं

आधी शिस्त दिली. परवाना मागताना नव्या मंडळींनाही त्याच चार कसोट्यांवर उतरावं लागलं, आणि या वेळी परिषदेपुढे उभे असलेले लोक त्या रस्त्यावरच राहणारे होते. रात्री अकराला बाहेर आरडाओरडा झाला तर झोप त्यांचीच मोडणार. गोंधळ घालणाऱ्याला 'तू आता येऊ नकोस' असं सांगणारी व्यक्ती त्याच्या आईला ओळखते, त्याची मुलं कोणत्या शाळेत जातात हे तिला ठाऊक असतं. कंपनीच्या भाडेकरूला हे बळ कधीच मिळत नाही. बाहेरून सुरक्षारक्षक आणूनही मिळत नाही.

दुसरं म्हणजे निर्णय वस्तीच्या गरजेप्रमाणे घेता आले. दूरच्या कंपनीच्या तक्त्यात दुपारी दोन ते पाच ही 'मेलेली' वेळ असते, तेव्हा पब बंद ठेवलेला परवडतो. बेव्हीने याच वेळेला हात घातला. शुक्रवारी ज्येष्ठांसाठी एकत्र जेवण सुरू केलं. इतर दिवशी हस्तकला, बिंगो, प्रश्नमंजुषा, बागकाम, स्वयंपाकाचे वर्ग. स्वयंपाकघर हे तिथलं दुसरं काउंटरच झालं.

बेव्हनडीनची भौगोलिक रचना पाहिली की या शुक्रवारच्या जेवणाचं मोल कळतं. दरीच्या दोन्ही अंगांना घरं चढत गेली आहेत. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या बाईला शहरात जायचं तर आधी उतार, मग बसथांबा, मग बस, आणि येताना सामानासकट तोच चढ. तिच्यासाठी हाकेच्या अंतरावर गरम जेवण आणि समोर बोलायला चार माणसं असणं ही आठवड्यातली एकमेव भेट असू शकते. तिला बिअर हवीच असते असं नाही. चहा चालतो. आणि चहा विकूनही दालन गरम करण्याचा खर्च थोडा निघतो, मुलीला नि नातवाला 'इथं ये' म्हणता येतं, आणि तो नातू पुढे शुक्रवारी रात्री मित्रांना घेऊन येतो. मंगळवारचं पिंप असं हळूहळू रिकामं होतं.

सामन्याच्या दिवसांची गोष्ट निराळी. अमेक्सवर ब्रायटनचा सामना असला की पब भरतो, आणि हंगामातल्या त्या दिवसांची कमाई बाकीच्या आठवड्यांना आधार देते. पण फुटबॉलच्या वेळापत्रकावर कुणालाच संस्था चालवता येत नाही. उन्हाळ्यात हंगाम संपतो आणि विद्यार्थीही घरी जातात.

कोविड

२० मार्च २०२०च्या संध्याकाळी सरकारने सगळे पब बंद करायला सांगितले. कंपनीच्या पबांना कुलपं लागली. बेव्हीचं स्वयंपाकघर मात्र चालू राहिलं: शुक्रवारी जेवायला येणारी माणसं आता घराबाहेर पडू शकत नव्हती, म्हणून जेवण त्यांच्या दारात पोचू लागलं. कुणाच्या घरी कोण एकटं आहे, कुणाला काय पचत नाही, ही यादी नगरपालिकेला नव्याने करावी लागली असती. पबकडे ती आधीच होती. पाचएक वर्षं दुपारची जेवणं वाढून ती तयार झाली होती.

मला या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत ठोस पुरावा वाटतो. आत बसून प्यायला बंदी असताना जो पब वस्तीला उपयोगी पडला, त्याचा पाया दारूवर नव्हताच.

आजची ओढाताण

तरीही वीजबिल हे वीजबिलच. २०२२ नंतर ऊर्जेचे दर उसळले तेव्हा छोट्या धंद्यांना घरगुती ग्राहकांसारखं दरमर्यादेचं संरक्षण नव्हतं. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षं किंवा त्याहून मोठ्या कर्मचाऱ्याचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं, मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा, म्हणजे पगारावरची सक्तीची सामाजिक-सुरक्षा वर्गणी, १५ टक्के झाला आणि तो वर्षाला ५,००० पौंडांच्या पगारापासूनच लागू झाला. त्याच महिन्यात पब-रेस्टॉरंटांना मिळणारी मालमत्ता-कराची सवलत ७५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली. जेवणावर उभ्या असलेल्या पबला हे जास्त झोंबतं. पिंट भरायला एक माणूस पुरतो, तीस जणांचं जेवण करायला, वाढायला, भांडी उरकायला तीन लागतात. आणि त्या जेवणाची किंमत वाढवायची म्हटलं तर ज्यांच्यासाठी ते आहे तेच यायचे बंद होतील.

इथे एक विसंगती आहे, आणि तिच्याबद्दल ब्रिटनमध्ये पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. शुक्रवारी जेवायला येणारी बाई पडून दवाखान्यात गेली नाही, एकटेपणाने खचली नाही, तर त्याची बचत आरोग्यसेवेच्या आणि समाजकल्याणाच्या हिशोबात होते. खर्च मात्र पबच्या वहीत पडतो. हेच जेवण धर्मादाय संस्थेने स्वतःच्या सभागृहात वाढलं तर तिला मालमत्ता-करात ८० टक्के सूट कायद्यानेच मिळते. दारूचा परवाना असलेल्या, धर्मादाय म्हणून नोंद नसलेल्या सहकारी पबला ती आपोआप मिळत नाही. नफ्यासाठी नसलेल्या संस्थांना परिषद आपल्या अधिकारात वेगळी सूट देऊ शकते, पण ती मागावी लागते, आणि दिलेली काढूनही घेता येते.

दुसऱ्या वसाहतीतल्या लोकांनी बेव्हीचं अनुकरण करायचं ठरवलं तर त्यांनी शेअरचा अर्ज छापण्याआधी स्वयंपाकघर मोजावं, असं मी सुचवेन. किती जणांचं जेवण तिथे होऊ शकतं, त्याला किती माणसं लागतात, आणि त्या माणसांचे पगार पहिली दोन वर्षं कोण देणार. ब्रिटिश सरकारने २०२१ मध्ये असल्या कामांसाठी १५ कोटी पौंडांचा सामुदायिक मालकी निधी उभारला होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. त्यातून मुख्यतः वास्तू घेता आणि दुरुस्त करता येत होत्या. शुक्रवारच्या स्वयंपाकिणीचा वर्षानुवर्षांचा पगार अशा निधीतून निघत नाही.